टेबलाची उंची

"हे टेबल कुणा ताडमाड बाप्याच्या मापानं केलंय कोण जाणे! खांदे कानाला टेकवून किती वर्षं झाकणं पिळायची?" कारखान्यात मावशीच्या शेजारी उभी असलेली पुटपुटली. मावशी नुसतीच "हं" म्हणाली. बाटल्यांची झाकणं लावता लावता तिची अकरा वर्षं याच टेबलाशी गेली होती.

तेवढ्यात कंपनीनं बोलावलेला तपासणीवाला आला. "ज्यांचे खांदे दुखतात त्यांनी हात वर करा. तक्रार असेल तर टेबलं खाली घेऊ."

त्याच्या मागे सुपरवायझर उभा होता. मागच्याच महिन्यात खांदा दुखतो म्हणणाऱ्या एकीला त्यानं 'घरी आराम करा, बाई' असं गोड बोलून पाठवलं होतं. ती अजून आरामच करत होती. सगळ्याजणी खाली मान घालून उभ्या राहिल्या.

तपासणीवाल्यानं रांगेवरून नजर फिरवली. "एकही हात वर नाही? छान! म्हणजे उंची बरोबर आहे," म्हणत त्यानं कागदावर भलंमोठं शून्य काढलं.

 

"थांबा साहेब," मावशी म्हणाली. "मी मघापासून हात वर केलाय. तो एवढाच जातो."