भिंतीच्या आत

"आई, डोनालचं आणि माझं ठरलंय. आम्हाला आणखी मूल नको. दवाखान्यात गोठवून ठेवलेले ते तीन भ्रूण टाकून द्या, असं आज कळवते," ओर्लाने सासूला सांगितलं.

ब्रीडाने चहाचा मग टेबलावर आपटला. "भ्रूण कसले? माझी नातवंडं आहेत ती! त्यांना मारलंस तर या घरात पाऊल टाकणार नाही मी."

"मिठाच्या कणाहून लहान आहेत हो ते. ना मेंदू, ना काळीज."

"काळीज तुलाच नाही. पहिल्या क्षणापासून पुरता माणूस असतो तो."

"फादरनी पढवलेलं बोलताय." ओर्लाचाही आवाज चढला. "बरं, माणसं तर माणसं. दवाखान्यातून मागून आणते तिघांना. दफनभूमीत डोनालच्या बाबांशेजारी पुरू."

"छे, तिथे कसं? बाप्तिस्मा न झालेल्यांना भिंतीच्या आत घेत नाहीत."

ब्रीडा बोलून गेली आणि थबकली. तो नियम कधीच मोडीत निघाला होता.

"हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

ब्रीडा खिडकीतून समुद्राकडच्या खडकाळ माळाकडे बघत राहिली. "डोनालच्या आधीचा माझा मुलगा पोटातच गेला. त्याच्या बापाने एकट्याने नेऊन त्याला तिथे पुरलं, खुणेला दगड ठेवला. 'तो अजून आपल्यातला झालाच नव्हता, मग रडतेस कशाला?' असं फादर म्हणाले."

तिने कोट उचलला.

"फादरचं मी तेवढं एकदाच ऐकलं, रडले नाही. आता तेच तुझ्याकडून ऐकणार नाही."