तळातलं विरजण

"तीन वर्षांत विरघळायला हवं होतं," डॉक्टर सबनीस म्हणाल्या. "तुमच्या मुलीचं, इराचं हृदय वाढतंय, त्याभोवती आधाराला बसवलेलं कडं मात्र तसंच आहे. काढायला गेलो तर हृदयच फाटेल."

या कड्यांचं पॉलिमर मुकुंदच बनवायचा. नव्या धातूच्या उत्प्रेरकाने त्याच्या रेणूंच्या साखळ्या फक्त डावीकडे वळत, म्हणून त्या शरीरात विरघळत. जुना उत्प्रेरक उजवीकडे वळवायचा. दोन्ही मिसळल्या की एकमेकींना कायमच्या घट्ट बिलगत, मग विरघळत नसत. आणि मुकुंदने सवयीने नवी बॅच लवकर लागावी म्हणून रिअ‍ॅक्टरच्या तळाशी जुन्या मालाचं थोडं विरजण ठेवलं होतं.

"माझ्याच हातून झालं," तो म्हणाला.

"नंतरच्या बॅचेस तरी ठीक असतील ना?"

मुकुंदने बाहेर बाकावर तपासणीसाठी बसलेल्या, तशीच कडी बसवलेल्या मुलांकडे पाहिलं. प्रत्येक बॅचला त्याने आधीच्या बॅचचंच विरजण लावलं होतं.