दात्याचं वजन

"कमी झालं!" काट्यावरचा आकडा वाचून नर्स म्हणाली आणि आईचा चेहरा उजळला. काट्यावर उभ्या असलेल्या तिलाही हसू आलं. फार दिवसांनी कुणी ओळखीचं दारात दिसावं, तसं ते हसू होतं. त्याचीच तिला भीती वाटली.

तिच्या धाकट्या भावाच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. दिवसाआड तो डायलिसिसच्या मशीनला जोडून पडायचा. घरात फक्त तिची किडनी जुळली. आड येत होतं ते तिचं वजन. "ऑपरेशनआधी थोडं कमी करा," डॉक्टरीणबाई सहज बोलून गेल्या होत्या. त्यांना काय ठाऊक, कॉलेजात असताना हीच मुलगी न खाण्यापायी मरता मरता वाचली होती! त्या आजारातून उठायला तिला कित्येक वर्षं लागली. आत्ताचं हे भरलेलं अंग म्हणजे तिची कमाई होती.

"पूर्वीचा काही आजार?" असं त्यांनी विचारलं तेव्हा तिने आईकडे पाहिलं होतं.

"काही नाही," आईच बोलली. बाहेर आल्यावर दबक्या आवाजात म्हणाली, "जुनं उकरून काढलंस तर नको म्हणतील तुला. मग ह्याचं काय?"



तेव्हापासून घर उलटं फिरलं. एके काळी शेवटचा घास पोटात जाईपर्यंत समोर ठाण मांडून बसणारी आई आता तिचं ताट अर्ध्यातच उचलू लागली. "पुरे ना गं? भावासाठी." आत्या फोनवरून शाबासकी देऊ लागली. तिने खरंच थोडंसंच कमी खायचं ठरवलं होतं. पण तिच्या आतल्या त्या जुन्या आवाजाला 'थोडं' म्हणजे काय, ते कधी कळलंच नव्हतं. आणि या वेळी त्याला सगळ्या घराची फूस होती. खावं तर भाऊ जायचा. न खावं तर काय होतं, ते तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? पण बोलायची सोय नव्हती.

ती लोकांना गाडी चालवायला शिकवायची. शिकाऊ माणूस स्टिअरिंगवर, शेजारी ती, आणि तिच्या पायाशी जास्तीचा एक ब्रेक. त्या ब्रेकवरचा तिचा पाय कधी चुकला नव्हता. परवा मात्र एक सायकलवाली अचानक आडवी आली आणि नेमकी त्याच क्षणी हिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. ब्रेक दाबला तो शिकायला आलेल्या पेन्शनर बाईंनी, तोही घाबरून.

"बघा, आला की नाही मला ब्रेक!" बाई भलत्याच खूश.

तिने मान डोलावली आणि गाडी बाजूला घ्यायला सांगितली. हे तिने कुणालाच सांगितलं नाही.

आता काट्यावरून उतरताना तिचं लक्ष भावाकडे गेलं. तो हसत नव्हता. तिच्या अंगातल्या स्वेटरकडे बघत होता. बाहेर माणसं घामाने निथळत होती.

"ताई, तू फार आनंदात दिसतेस."

"मग? रडत बसू?"

"तेव्हाही अशीच असायचीस. सगळ्यांना आग्रह करकरून वाढायचीस, जोक सांगायचीस. मी लहान होतो, आंधळा नव्हतो."

"गप रे," आई म्हणाली.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई आत आल्या. आकडा बघून म्हणाल्या, "छान! असंच चालू राहू द्या."

"मला तिची किडनी नको," भाऊ म्हणाला.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. "वेड लागलंय का तुला? तुझ्यासाठी मी एवढं..."

"माझ्यासाठी मशीन आहे गं. जीव नकोसा होतो, पण जगवतं ते. तुझं ते पुन्हा सुरू झालं तर तुला कुठल्या मशीनला जोडायचं?"

ती खुर्चीत बसली.

"डॉक्टर, मला खाण्याचा आजार होता," ती म्हणाली. मग थांबून म्हणाली, "होता नाही. आहे."

आणि तिने सगळं सांगून टाकलं. त्या ब्रेकचंसुद्धा.

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची तिच्याजवळ ओढली. "हे कळलं असतं तर नुसतं 'कमी करा' म्हणून मी तुम्हाला सोडलं नसतं. आज आधी रक्त आणि हृदय तपासू. गाडी सध्या बंद. वजन उतरवायचं की नाही, ते मानसोपचारतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ तुमच्याबरोबर बसून ठरवतील. तुम्ही सावरल्यावर. आणि उतरवायचंच झालं तर हळूहळू, वेळच्या वेळी पोटभर जेवून. आकडा आम्ही बघू. तुम्हाला सांगणार नाही."

"आणि तोवर हा?"

"ह्यांना थांबावं लागेल. कदाचित तुमची किडनी घेताच येणार नाही. दुसरा दाता शोधावा लागेल."

आई इतका वेळ खाली मान घालून बसली होती. मांडीवरच्या पर्सची चेन उघडत होती, लावत होती. तिने मुलाकडे पाहिलं, बराच वेळ. मग उठून मुलीचे गारठलेले हात आपल्या हातांत घेतले आणि जोरजोरात चोळू लागली.

"थांबू आम्ही," ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली. "मला मुलं दोन आहेत."