चार वाजताचं पाणी

“आज किती?” मिहोकोने विचारलं.

“आंघोळीआधी एकशे छत्तीस. नंतर एकशे चोवीस,” फोनवर तोकुजी म्हणाले.

“आणि गुडघे?”

“सहज वाकले. आधार लागला नाही.”

मिहोकोने वहीत आकडे लिहून घेतले. तिचे बाबा शहात्तर वर्षांचे होते, यामागाताच्या डोंगरातल्या गावी राहत होते. ती सेंदाईला आरोग्य केंद्रात परिचारिका होती. रोज चार वाजता तिकडे आंघोळ व्हायची आणि पाच वाजता फोन.

टब नवा होता. वर्षापूर्वी तोकुजींनीच विषय काढला होता. जुन्या टबाची भिंत उंच आहे, पाय वर येत नाही, म्हणाले. मिहोकोने बुटक्या भिंतीचा टब शोधून दिला. आत बसायला पायरी, दोन्ही बाजूंना धरायला दांडे. मग नियम सांगितले. पाणी चाळीस अंशांच्या वर नको. छातीपर्यंतच बसायचं, दहा मिनिटं. न्हाणीघर आधी गरम करून ठेवायचं, नाहीतर थंडीतून एकदम गरम पाण्यात गेलं की रक्तदाब उसळतो. आणि रोज तो मोजून तिला कळवायचा.

“अगं, एवढे सोपस्कार तर माझ्या लग्नातसुद्धा नव्हते,” तोकुजी म्हणाले होते.

एरवी त्या दोघांत लग्नाचा विषय निघत नसे. मिहोको अकरा वर्षांची असताना तिची आई दुसऱ्या माणसाबरोबर निघून गेली होती. विशीत आल्यावर मिहोकोने बाबांना एकदाच बजावलं होतं, “ती या घराची पायरी चढली, तर मला मुलगी म्हणू नका.” तोकुजींनी नुसती मान हलवली होती.

टबाचा गुण महिनाभरात दिसू लागला.

“काल सलग पाच तास झोप,” तोकुजी सांगत. किंवा, “आखडलेली बोटं उघडली. चहाचा पेला धरता आला.”

“बोटं कधीपासून आखडली? बोलला नाहीत ते!”

“म्हातारपणी काय काय आखडतं, सगळं कुठे सांगत बसू?”

एकदा म्हणाले, “आज पाण्यात गाणं झालं.”

मिहोको खो खो हसली. “तुम्ही आणि गाणं? शेजारचे पळून गेले असतील.”

“ऊन पाण्यात बसलं की माणसाचा जीव हलका होतो, मिहोको.”

केंद्रात ज्येष्ठांसाठी व्याख्यानं असत. तिथे ती बाबांचंच उदाहरण देऊ लागली. शहात्तर वर्षांचे एक गृहस्थ, रोज ऊन पाण्यात दहा मिनिटं. रक्तदाब आटोक्यात, सांधे मोकळे, झोप शांत. आकड्यांचा तक्ता भिंतीवर लावला होता. म्हातारे चष्मे सरसावून तो वाचत आणि घरी टब बदलण्याच्या गोष्टी करत.

नव्या वर्षाला ती गावी जायला निघाली, तर तोकुजींनीच अडवलं. “बर्फ फार पडलंय. रस्ता धड नाही. उन्हाळ्यात ये.” उन्हाळ्यात केंद्रात कामाला माणसं कमी होती. जाणं राहिलं.

पुढच्या हिवाळ्यात, एका सकाळी, शेजारच्या ओगाताकाकूंचा फोन आला. तोकुजी दारातलं बर्फ उपसताना कोसळले होते. “तू थेट रुग्णालयात जा,” काकू म्हणाल्या. “घरी मी थांबते.”

डॉक्टर तरुण होते. त्यांनी स्कॅनची फिल्म दिव्यासमोर धरली. “मेंदूत रक्तस्राव झालाय. जीव वाचेल, पण उजवी बाजू गेली. रक्तदाबाचं औषध कधीच घेत नव्हते?”

“गरजच नव्हती,” मिहोको म्हणाली आणि पिशवीतून वही काढून पुढे केली. “हे बघा. चौदा महिने, रोजचे.”

डॉक्टरांनी पानं चाळली. “तुम्ही स्वतः मोजलेत?”

“नाही. फोनवर सांगायचे.”

“बाई, आणलं तेव्हा दोनशे दहा होता. हृदय फुगलंय. हे एका दिवसाचं दुखणं नाही, वर्षानुवर्षांचं आहे.” त्यांनी वही परत दिली. “हे आकडे या माणसाचे नाहीत.”

तोकुजी शुद्धीवर होते. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. मिहोको खाटेशी वाकली. इतकी वर्षं रोग्यांवर न चढवलेला आवाज तिने बाबांवर चढवला. “खोटं का सांगितलंत? मी परिचारिका आहे हो! एका गोळीने भागलं असतं.”

“खोटं... नाही सांगितलं,” तोकुजी म्हणाले. एकेक शब्द ओढून काढावा लागत होता. मग त्यांची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली. “चार... वाजतील.”

“आज कसली आंघोळ, बाबा?”

“घरी जा. चाळीसच्या... वर नको.” डाव्या हाताने त्यांनी तिची बाही धरली. “रागावू नकोस.”

डोकं ठिकाणावर नाही त्यांचं, असं समजून ती घरी आली. कपडे आणि विम्याची कागदपत्रं घ्यायची होतीच. ओगाताकाकू दारातच भेटल्या. त्यांनी घाईघाईने बूट चढवले. मिहोकोच्या डोळ्याला डोळा दिला नाही.

“पाणी भरून ठेवलंय,” काकू म्हणाल्या. “मला काही तोकुजींसारखं जमत नाही बाई. माझ्या हाताला यायलाच तयार नाही. तू बघ.”

आणि त्या गेल्या.

न्हाणीघराचा दिवा चालू होता. दारातून वाफ येत होती. आत टबाच्या काठावर एक म्हातारी बसली होती. केस पांढरे, अंगावर सुती झगा, आखडलेली बोटं मांडीवर. तिने मिहोकोकडे वळून पाहिलं. ओळख काहीच दिसली नाही.

“ते भले गृहस्थ नाही आले आज? बरं, तुम्ही तर तुम्ही,” म्हातारी म्हणाली आणि हात पुढे केला. “पण जरा लवकर आटपा हं, बाई. माझी मिहोको शाळेतून येईल एवढ्यात.”