पिवळ्या तापाची लस

"बाही वर करा, ताई," नर्स म्हणाली. केनियाला सफारीला जायचं तर पिवळ्या तापाची लस हवीच. शेजारी नवरा मोबाईलवर सामानाची यादी तपासत होता: खाकी शर्ट, दुर्बीण, डासांचं मलम.

नऊ वर्षांचे उपचार त्यांनी दिवाळीत थांबवले होते. "मूल नाही तर नाही, सिंह तरी बघू," तोच म्हणाला होता.

"दिवस गेलेले नाहीत ना? गरोदर बाईला ही लस देत नाहीत," नर्स इंजेक्शन भरत म्हणाली.

"छे," नवरा वर न बघता म्हणाला.

तिची पाळी बारा दिवस लांबली होती. याआधी दोनदा असंच झालं होतं. दोन्ही वेळा त्याला सांगून ती पस्तावली होती.

दंडाला गार कापूस लागला. तिनं बाही खाली ओढली.

"आज नको."

नवऱ्यानं मान वर केली.