बाकांचं छप्पर

पहिला दगड खिडकीतून आला आणि सुताराच्या डोळ्यांदेखत त्याच्या बायकोचं कपाळ फुटलं. चर्चचं मागचं दार पेटलेलं, पुढे अंगणात जमाव, अंगणापलीकडे दवाखाना. सगळे पाळकबाईंच्या तोंडाकडे बघू लागले. "बाकं उपटा, डोक्यावर घ्या. त्यांच्याखालून दवाखाना गाठू." "बाई, मीच ती जमिनीत ठोकलीत!" सुतार ओरडला. "मग तुमच्याच हातानं निघतील. प्रार्थना चालता चालता करा." बाकांचं छप्पर अंगणात सरकू लागलं. वरून दगड, बाजूनं सळया; धरणाऱ्यांची बोटं चेचली. तेवढ्यात जमावाच्याच दगडानं जमावातला एकजण वाटेत कोसळला. "यानंच फोडलं हिचं डोकं," सुतार फुत्कारला. "तुडवू याला." बाई पडलेल्याच्या काखांत हात घालून ओढत म्हणाल्या, "बाक डावीकडे घ्या, याचे पाय बाहेर राहताहेत." सुतारानं कचकचीत शिवी हासडून बाक सरकवलं. पुढचा दगड सुताराच्याच उघड्या पडलेल्या खांद्यावर बसला.