कोंबड्यांची पावडर

कोंबडे खच्ची करण्याआधी चार दिवस द्वारका त्यांच्या पाण्यात व्हिटॅमिन ‘के’ची पावडर मिसळायची. मग चीर दिली तरी रक्त पटकन थांबायचं. औंदा एकही दगावला नव्हता.

म्हणूनच नवऱ्याच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, तेव्हा तिनं त्याच्या चहातही ती रोज चिमूटभर घातली. हृदयाची झडप बदलल्यापासून तो रक्त पातळ करायची गोळी घ्यायचा. आठवड्यात हिरड्यांचं रक्त थांबलं. “डॉक्टरपेक्षा आपले कोंबडे बरे,” ती हसली होती.

आज त्याचं तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला. “मेंदूत रक्ताची गाठ अडकलीय,” डॉक्टर म्हणाले. “गोळी चुकवली होती का?”

“एकदाही नाही.” द्वारकानं पिशवीतून पावडरचं पाकीट काढून दाखवलं. “हीसुद्धा नाही चुकवली.”

पाकीट वाचून डॉक्टरांनी तिला आधी खाली बसायला सांगितलं.